सुई बदलली, तरी सिरिंज तीच
नवी सुई लावली की सिरिंज तीच चालते, हे मत धोकादायक आहे. टोचल्यानंतर रक्ताचा सूक्ष्म अंश सिरिंजमध्ये खेचला जाऊ शकतो, तो डोळ्यांना दिसतही नाही. तीच सिरिंज पुन्हा कुपीत घातली तर उरलेले औषधही दूषित होते, आणि हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. गुजरातमधील मोडासा परिसरात २००९ साली या आजाराची जी साथ आली आणि जिच्यात अनेकांचे प्राण गेले, तिचा माग पुन्हा वापरलेल्या सिरिंजांपर्यंतच पोहोचला होता. शिवाय साध्या तापालाही ‘एक इंजेक्शन द्याच’ असा आग्रह आपणच धरतो, जिथे बहुधा गोळीने भागते. इंजेक्शन घ्यावेच लागले, तर सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. डॉक्टरांना काय वाटेल या भिडेपोटी गप्प बसू नये.