सोसायटीच्या रस्त्याकडेला गुलमोहर नको, ताम्हण लावा

रानजाई (पुणे)
पाऊस तोंडावर आला की आमच्या सोसायटीत रोपांची यादी निघते आणि सगळ्यात वर गुलमोहर असतो. माझा ठाम विरोध आहे. झाड मूळचं मादागास्करचं, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. ती पेव्हर ब्लॉक उचलतात आणि वळवाच्या वाऱ्यात फांदी खालच्या गाड्यांवर येते. त्यापेक्षा ताम्हण लावा. आपलं राज्यफूल आहे, उंची मध्यम, भर उन्हाळ्यात जांभळे तुरे. जोडीला बहावा. तीनचार मजली इमारतींच्या मधल्या रस्त्याला याहून शोभेचं काय हवं?

माळरान
रानजाई, यादी सुंदर आहे, पण सावलीचं काय? बहावा फुलतो तेव्हा त्याच्यावर पान शोधावं लागतं. एप्रिल-मेमध्ये वॉचमन आणि भाजीवाल्या मावशी बसणार कुठे? ताम्हण तर मूळचं ओढ्याकाठचं झाड. बिल्डरने टाकलेल्या मुरुमाच्या भरावात ते वर्षानुवर्षं गुडघ्याएवढंच राहतं. गुलमोहर त्याच जमिनीत चारपाच वर्षांत छत्री धरतो. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा करतात. हे झाड लोकांनी आपलं मानलंय, ते परकं म्हणून हाकलू नका.

नर्सरीवाला
माझ्या मते दोघंही जातीवर भांडताय आणि खड्डा विसरताय. मी रोपं विकतो, लागवडही करून देतो. पडलेल्या झाडांची मुळं पाहिलीत तर बऱ्याचदा ती पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली सापडतात. पिशवी फाडून काढा, गोल फिरलेली मुळं कात्रीने कापा. खड्डा तीन बाय तीन फूट, भरावाचा मुरूम बाहेर, आत माती आणि कुजलेलं शेणखत. रोप नर्सरीत होतं त्याच पातळीवर बसवा, खोड मातीत पुरू नका. आधाराची काठी सैल बांधा, वर्षभराने सोडा. काठीला जखडलेलं खोड वाऱ्यात हलत नाही, म्हणून जाडही होत नाही. लोखंडी ट्री गार्ड तर खोडात रुतेपर्यंत कुणी काढत नाही, याची मला खरोखर चीड येते.

गुलमोहर फाटतो तो दुबेळक्यात. रोप लहान असतानाच दोन शेंड्यांपैकी एक छाटलात तर पुढचं अर्धं संकट टळतं.

रानजाई
छाटणार कोण? वृक्षारोपणाच्या फोटोत वीसजण असतात, दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालायला एकही नाही. म्हणूनच दुर्लक्ष झालं तरी धोका कमी असलेलं झाड निवडा म्हणते. ताम्हण वाळलं तर रोप जाईल. गुलमोहर फाटला तर कुणाचा जीव जाईल.

माळरान
वाळलेल्या रोपाला झाड म्हणत नाहीत. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं ताम्हण लावायचं, हीच का शोभा?

ओलावा
पाण्यावर सांगते, कारण आमच्या गल्लीतली ताम्हणं मुरुमातच जगली आहेत. रोज तांब्याभर पाणी घालू नका, त्याने मुळं वरच राहतात. चारपाच दिवसांनी एकदा दोन बादल्या, आळं भरून, सावकाश जिरू द्यायचं. आळ्यात पालापाचोळ्याचा वीतभर थर, पण खोडाला चिकटू न देता, नाहीतर वाळवी येते. दोन उन्हाळे एवढं केलं की ताम्हण तग धरतं. आमच्याकडे प्रत्येक झाड एकेका घराला वाटून दिलंय. खालच्या फांद्या मात्र पहिली दोन वर्षं अजिबात तोडायच्या नाहीत. "नीट दिसत नाही" म्हणून सोलून काढलेलं रोप काडीसारखं वाढतं आणि पावसात वाकतं.

माळरान
घरागणिक झाड वाटून द्यायला तयार असाल तर रस्त्याकडेला ताम्हणाला माझी हरकत नाही. पण मागच्या मैदानाच्या कोपऱ्यात गाड्या नाहीत, वायरी नाहीत. तिथे गुलमोहर लावायचाच. शेंडा मी स्वतः छाटेन.

रानजाई
मैदानात मुलं खेळतात, माळरान. तिथेही माझं मत कडुनिंबालाच.