बाळाने तुमच्याकडे पहिल्यांदा कधी बघितलं? अनुभव लिहा

जुईची आई
माझी लेक आता ५ महिन्यांची होईल. पहिला दीड महिना मी रोज रडकुंडीला यायचे कारण ही माझ्याकडे बघतच नव्हती. मी अगदी तोंडाजवळ जाऊन बोलतेय आणि हिची नजर कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे चिकटलेली. डोकं धुवून टॉवेल गुंडाळला की तर कोणी अनोळखी बाई आल्यासारखी बघायची. शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले नवीन बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणजे मांडीवर दूध पिताना आईचा चेहरा असतो साधारण तेवढंच अंतर, त्यापुढे सगळं धूसर. आणि गडद-फिकट जिथे भेटतं ती कड तिला आधी सापडते, म्हणून केस. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, ज्याने बारीकसारीक दिसतं, तो जन्मताना कच्चाच असतो. मग सातव्या आठवड्यात एका सकाळी लंगोट बदलताना तिची नजर केसांवरून हळूहळू खाली आली, भुवयांवर थोडी थांबली आणि सरळ माझ्या डोळ्यात. आणि हसली. मी लंगोट हातात धरून तशीच बसून राहिले.
तुमच्याकडे कसं झालं ते लिहा ना, काळजीचं असेल तेही लिहा.

दोन पोरांचा बाबा
मोठ्याच्या वेळी आम्ही पाळण्यावर फिकट गुलाबी-आकाशी खेळणी टांगली होती, तीही चांगली उंच, आणि तो बघायचा कुठे तर खिडकीच्या गजांकडे. धाकटीच्या वेळी शहाणपण आलं, पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या स्केचपेनने जाड पट्टे काढले आणि तिच्यापासून वीतभर लांब धरले. एकटक बघत राहिली. २ महिन्यांच्या आसपास तर एकदा नजर लागली की सुटायचीच नाही, बघता बघता शेवटी रडायलाच लागायची, मग पुठ्ठा बाजूला केला की शांत. नंतर कळलं की एका गोष्टीवरून नजर सोडवून दुसरीकडे न्यायची हे त्या वयात खरंच जमत नसतं, ३-४ महिन्यांपर्यंत सुटतं ते. रंगांचंही हळूहळूच, आमच्याकडे सगळ्यात आधी लाल चेंडूने लक्ष वेधलं.

रात्रपाळी
डोळे तिरळे व्हायचे का कुणाचे? माझ्या दोन्ही मुलांचे व्हायचे. पहिल्याचा मधूनच एक डोळा नाकाकडे जायचा, परत जागेवर यायचा, ३ महिन्यांनंतर आपोआप थांबलं. म्हणून दुसरीच्या वेळी मी निवांत राहिले आणि तिथेच चुकले. तिचा डावा डोळा ५व्या महिन्यातही कायम आतच होता, अधूनमधून नाही, कायम. सगळे म्हणत होते नाकाचा मधला भाग रुंद आहे म्हणून तसं वाटतं, आणि असं खरंच असतंही, पण मग फ्लॅशच्या फोटोत बाळ सरळ कॅमेऱ्याकडे बघत असताना दोन्ही बुबुळांवर उजेडाचा ठिपका एकाच जागी पडायला पाहिजे. हिचा पडत नव्हता. तपासलं, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला लागली. ती पट्टी ओरबाडायची, मी दोन्ही हात धरून बसायचे, दोघीही रडायचो. डॉक्टरांनी ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांच्या कामाबद्दल सांगितलं, १९८१चं नोबेल मिळालं त्यांना. मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या काळात बंद ठेवला तर नंतर उघडून उपयोग होत नाही, डोळा ठणठणीत असतो पण मेंदू त्याच्याकडे लक्ष द्यायचं शिकलेलाच नसतो. ते ऐकल्यापासून एकही दिवस पट्टी चुकवली नाही.

३० आठवड्यांची परी
आमची खूप आधी झाली, ३० आठवड्यांत. अशा बाळांच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्ध्यावरच असतात, त्या पुढे वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन नजर जाऊ शकते आणि बाहेरून बघून काहीच कळत नाही. म्हणून ठराविक आठवड्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासणी करावीच लागते. आम्हाला घरी सोडताना कागदावर त्या तपासणीची तारीखच लिहिली नव्हती!! एका सिस्टरने दारापर्यंत मागे येऊन सांगितलं म्हणून गेलो. तपासणीत दोष निघाला, दोन्ही डोळ्यांना लेसर झालं, आता बघते, सगळं बघते. आधी झालेली बाळं असतील तर प्लीज तारीख स्वतः विचारून घ्या. आणि बाकीच्यांच्या बाळाशी तुलना करताना दिवस जन्मापासून नाही, मूळ ड्यू डेटपासून मोजा, आमची हसरी नजर त्या हिशोबाने अगदी वेळेवर आली.

मीनलमावशी
छोटंसंच. भाची पहिले काही आठवडे रडायची पण डोळ्यात पाणीच नसायचं, ताई घाबरली होती. ते नॉर्मल निघालं, अश्रू नंतर दिसायला लागतात.

आजी
रात्रपाळी, तुमचं फोटोचं वाचलं म्हणून लिहिते. नातू २ महिन्यांचा असताना मोबाईलवर फोटो काढला, एका बाहुलीत लाल चमक आणि दुसरीत पांढरट. मुलगा म्हणाला लाईटचं असेल. मी चार फोटो परत काढले, दोनदा तसंच आलं. दुसऱ्याच दिवशी गेलो. जन्मजात मोतीबिंदू निघाला. मला वाटायचं मोतीबिंदू आमच्या वयाचा आजार. लगेच ऑपरेशन केलं, कारण उजेड आत पोचलाच नाही तर मेंदू शिकणार कसा, हेच वर लिहिलंय तसं. पांढरी चमक कधीकधी डोळ्यातल्या गाठीचीही असते असं तिथे सांगितलं, त्यामुळे दिसली तर एक दिवससुद्धा थांबू नका. आता एवढुश्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स आहे, सूनबाई रोज घालते काढते, माझा हात थरथरतो, मी फक्त पाय धरते त्याचे.

जुईची आई
आजी, वाचताना डोळे भरून आले. परी, तुझ्या त्या सिस्टरना माझाही नमस्कार.
आमच्याकडचं आजचं सांगते. दोन्ही डोळ्यांचं चित्र एकत्र जुळायला लागलं की वस्तू किती लांब आहे ते कळतं म्हणतात, ४-५ महिन्यांत. मागच्या आठवड्यापर्यंत खुळखुळा दाखवला की हात नुसते हवेत फिरायचे. आज तिने माझ्या कानातलं बघितलं, तोंड उघडं टाकून बराच वेळ बघितलं आणि हात नेऊन बरोब्बर पकडलं. सोडवायला दोघं लागलो.