शब्दचर्चा : विदारण, झीज आणि लवणस्तंभ

प्रश्न : मुंबईच्या फोर्ट भागातील जुन्या इमारतींविषयी लिहिताना एक अडचण आली. पोरबंदरी दगडात कोरलेल्या पानांच्या शिरा बोथट झाल्या आहेत, काही ठिकाणी पापुद्रेही सुटले आहेत. याला 'विदारण' म्हणावे की सरळ 'झीज'? शिवाय चुनखडकाच्या गुहांतील 'लवणस्तंभ' मिठाचे असतात, असा वाचकाचा समज होणार नाही का?

उत्तर : उंबरा झिजतो, पाटा झिजतो, चपलेची टाच झिजते, म्हणजे 'झीज' म्हटले की घासणे मनात येते. 'विदारण' हा 'विदीर्ण' आणि 'हृदयविदारक' यांच्या कुळातला शब्द असून खडक जागच्या जागी फुटणे, सुटा होणे किंवा त्यातील द्रव्ये बदलणे एवढाच त्याचा अर्थ आहे. एखाद्या घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला बेसाल्टचे गोल धोंडे दिसतात, त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे नखानेही सुटतात आणि आतला गाभा मात्र काळा, घट्ट असतो. तेथे कोणी काही घासलेले नाही. ते विदारण आहे आणि त्यातूनच आपला मुरूम तयार होतो. तोच मुरूम पावसाने रस्त्यावर वाहून आला, की त्या कामाला पाठ्यपुस्तकांतले 'खनन' आणि 'वहन' हे शब्द लागतात. हा भेद पुसला जाऊ नये, असे मला फार वाटते.

पोरबंदरी दगड हा चुनखडक आहे; तो मऊ असल्यामुळेच कोरीवकामासाठी निवडला गेला. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल तयार होते आणि त्यात हा दगड हळूहळू विरघळतो. शहरी धुरातील सल्फर डायऑक्साइडमुळे त्याच्या पृष्ठभागावर जिप्समचा थर धरतो आणि पुढे तो थर सुटतो. त्यामुळे आपण 'रासायनिक विदारणाने शिरा बोथट झाल्या' असे लिहावे. खारट ओलीने भिंतीवर पांढरी भुकटी फुलली असेल, तर गवंड्यांचा 'लोणा लागला' हा प्रयोग अधिक नेमका आहे.

'लोणा' हा शब्द 'लवण'शी जोडलेला आहे, पण 'लवणस्तंभा'तील लवण खाण्याचे मीठ नव्हे. रसायनशास्त्राच्या व्यापक अर्थाने कॅल्शियम कार्बोनेट हेही लवणच, म्हणून संज्ञा चुकीची नाही. तरीही सामान्य वाचकासाठी पहिल्या उल्लेखात 'छतातून लोंबणारे आणि जमिनीवरून वाढणारे चुनखडीचे स्तंभ' असा खुलासा अवश्य करावा. 'चुन्याचे स्तंभ' म्हणू नये, कारण चुना म्हणजे चुनखडी भट्टीत भाजून मिळणारा पदार्थ.

पुन्हा प्रश्न : आभारी आहे. मग 'चुनखडी' आणि 'चुनखडक' यांत फरक करावा का?

उत्तर : अवश्य करावा. शेतकरी 'चुनखडीची जमीन' म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काळ्या मातीतले पांढरे खडे असतात, डोंगर नसतो. मेघालयातील मावसमाई गुहा ज्या थरांत कोरली गेली किंवा वणी-चंद्रपूर भागात सिमेंटसाठी जे थर खणले जातात, त्यांना 'चुनखडक' म्हणावे आणि खडे, भुकटी किंवा साका यांसाठी 'चुनखडी' राखून ठेवावे. या शब्दातील 'खडी' रस्त्यावर अंथरण्याची नव्हे. ती संस्कृत 'खटी'तून आलेली असून 'खडू' हा तिचाच सोयरा आहे.