‘बांबूची साडी’ निसर्गाला चांगली म्हणे! मला तरी पटत नाही

खानापूरकर:
गेल्या आठवड्यात बेळगावात टिळकवाडीतल्या एका प्रदर्शनात बहिणीने साडी घेतली. चिठ्ठीवर हिरवं पान आणि खाली ‘बांबू, शंभर टक्के निसर्गस्नेही’. आम्ही खानापूरची माणसं, बांबूच्या बेटांत वाढलो. बांबूच्या कामट्या निघतात, बुट्ट्या होतात. रेशमासारखा सुळसुळीत धागा निघताना कुणी बघितलाय? बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कार्बन डायसल्फाइड घालून विरघळवतात आणि आम्लाच्या टाकीत बारीक भोकांतून धागा ओढतात. म्हणजे रेयॉनच की, कारखान्यातलं नकली रेशीम! असा रेयॉन बांबू म्हणून विकणाऱ्यांवर अमेरिकेत २००९ साली सरकारी कारवाई झाली. झाडापासून आलं म्हणजे चांगलं, हे कुणी ठरवलं?

काळंरान_बैलहोंगल:
रेयॉनचं मान्य. पण त्याच माळेत कापूस ओवू नका. ‘किलोभर कापसाला दहा हजार लिटर पाणी’ हे सगळे ऐकवतात. ती जगाची सरासरी आहे आणि त्यात पावसाचं पाणीही धरलेलं आहे. आमच्याकडे जयधर हा जुना देशी कापूस पावसाळा सरता सरता पेरायचे. पुढे काळ्या मातीतल्या ओलीवर आणि दवावर तो उभा राहायचा. ना मोटर, ना पाट. ते पाणी नदीतून उपसलेलं नव्हतं, मग त्याचा हिशेब कापसावर कसा टाकता?

मागवाला_वडगाव:
बरोबर ओ, पण आज जयधर लावूलाय कोण? आखूड धागा, गिरणीला नको. २००२ ला बीटीला, म्हणजे जनुक बदललेल्या कापसाला, परवानगी मिळाली आणि शेतं बदलली. आणि तुम्ही दोघंही शेतातच थांबलासा. सुती धागा रंगवायला मीठ लागतं, तेही चमचाभर नाही. रंग सगळा धाग्यात बसत नाही, उरलेला धुऊन जातो. मीठ काही मुरत नाही, जिरत नाही, साध्या गाळणीने निघत नाही. आमच्या गल्लीत लहानपणी गटार बघून सांगायचो, या आठवड्यात कुठल्या साडीची मागणी आहे ते. लग्नसराईत लालभडक. ते पाणी बळ्ळारी नाल्याला, आणि नाल्याच्या कडेला आपल्या बासमतीची शेतं. आता बोला, कापूस कुठला होता याने काय फरक पडला?

निपाणीची_सून:
फरक पडतो. माझ्या माहेरी बांधावर अंबाडी असायची. कापली की वाख सुटायला पेंढ्या ओढ्यात, वर धोंडे. पंधरा दिवसांत पाणी काळं, वास असा की बायका धुणं घेऊन वरच्या अंगाला जायच्या. मासेही मरायचे. खोटं कशाला सांगू? पण त्याच अंबाडीचा कासरा बेंदराला बैलाच्या गळ्यात असायचा, आणि झिजला की उकिरड्यावर माती होऊन जायचा. पॉलिस्टरची दोरी टाका, नातवंडांना सापडेल. पॉलिस्टरचा कपडा तर प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सोडतो. खानापूरकर, तुमचं ऐकून लोक विचार करणार नाहीत, सरळ पॉलिस्टरच घेतील. स्वस्त आहे, इस्त्री लागत नाही.

खानापूरकर:
ताई, पॉलिस्टरची वकिली मी केलीच नाही. कापसाबद्दल बैलहोंगलवाल्यांचं पटलं, पावसावरचा कापूस वेगळा. पण लगद्याचं सोडणार नाही. आताच्या हावेरी जिल्ह्यातलं कुसनूर आठवा. रेयॉनच्या लगद्यासाठी गायरानावर निलगिरी लावली. १९८७ साली लोकांनी ती उपटली आणि उपयोगाची झाडं लावली. ‘कित्तिको हच्चिको’, उपटा नि लावा. निलगिरीही वनस्पतीच होती ना? गुरं कुठं चारायची, हे चिठ्ठीवरच्या हिरव्या पानाला कोण विचारणार?

काळंरान_बैलहोंगल:
म्हणून तर म्हणतो, आधी जयधरला भाव द्या. घोषणा नंतर.

निपाणीची_सून:
भाव कोण देणार, तुमची गिरणी? तिने तर आखूड धागा म्हणून हात वर केले.

मागवाला_वडगाव:
कुसनूरचं ठीक. पण आमच्या वडगावच्या ‘आर्ट सिल्क’ साड्या म्हणजे तुम्हाला काय वाटलं? तोच रेयॉन. वडिलांपासून विणतोय, हिरवं पान कधी चिकटवलं नाही, म्हणून भावही तेवढाच. खानापूरकर, बहिणीला ती साडी कितीला पडली, तेवढं सांगा बघू.