डिसेंबरचं रिसेप्शन रात्री लॉनवर काहून? दुपारी ठेवा ना!

काटोलरोडची_धाकटी
ताईचं लग्न मार्गशीर्षात आहे, पौष लागायच्या आधीचा मुहूर्त. काटोल रोडच्या एका लॉनवर सकाळी लग्न आणि रात्री ७ ते ११ रिसेप्शन असं घरी ठरून राहिलं, आणि विरोधात मी एकटीच. लॉनला विरोध नाही, रात्रीला आहे. मागच्या डिसेंबरात मामेभावाचं रिसेप्शन असंच होतं, साडेनऊला खुर्चीला हात लावला तर ओली, इतकं दव पडलं होतं, आणि आमची ७८ वर्षांची आजी दोन शाली अन् माकडटोपी घालून गाडीत बसून जेवली, नवरानवरी तिनं पाहिलीच नाही. मी ताट नेऊन दिलं तेव्हा पाटोडीचा रस्सा पार थंड झाला होता. डिसेंबरात नागपूरची दुपार २८ अंशांच्या आसपास असते, इतकं छान ऊन वर्षभरात दुसऱ्यांदा मिळत नाही, ते सोडून आपण माणसांना रात्री गारठ्यात बसवतो. ११ ते ४ ठेवा, म्हातारी माणसं, लेकरं सगळी आरामात जेवतील.

इतवारी_दुकानवाला
ताई, आजीचं वाचून वाईट वाटलं, पण दुपार पटत नाही. मुहूर्त काही रविवार पाहून येत नाही. बुधवारी दुपारी १ वाजता दुकानवाला, बँकवाला, शाळेतली मॅडम कुठून येणार? लग्नाला सकाळी घरची माणसं असतात, रात्री बाकी सगळं गाव येतं, रिसेप्शन असतंच त्यांच्यासाठी. आणि नागपुरात बाहेर बसायचे दिवस किती हो, मे महिन्यात पारा ४५ च्या वर, जूनपासून पाऊस, उरले हेच तीन महिने. त्यातलीही रात्र सोडायची तर लॉन काय कामाचे.

काटोलरोडची_धाकटी
दादा, लोक येतात हे खरं, पण थांबतात किती वेळ? पाकीट दिलं, फोटो काढला, कॉफीच्या मशीनजवळ उभं राहिले अन् निघाले. आणि लाट आली की काय होतं ते आपण पाहिलंय, २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांवर गेलं होतं. तारीख चार महिने आधी बुक होते, लाट काही विचारून येत नाही.

बिछायतवाला_भाऊ
मी २० वर्षं मंडपाचंच काम करून राहिलो म्हणून सांगतो, दोष रात्रीचा नाही, मांडणीचा आहे. आकाश निरभ्र असलं की उघड्यावरची वस्तू लवकर थंडी पडते अन् तिच्यावर दव जमतं, वरून साधं कापडी छत टाकलं तरी खुर्च्या कोरड्या राहतात. पण पार्टी म्हणते छत नको, ड्रोनचा व्हिडिओ खराब येतो! दुसरं, गार वारा उत्तरेकडून येतो, त्या बाजूनं कनात उंच अन् सलग लावा, जेवणाचे काउंटर कनातीच्या आडोशाला ठेवा, म्हणजे बर्नर विझत नाही अन् रस्सा गरम राहतो. बुजुर्गांच्या खुर्च्या स्टेजसमोर पहिल्या रांगेत, खाली जाड दरी. सिगड्या ठेवा, पण उघड्यावरच. चारही बाजूंनी बंद मंडपात कोळशाची सिगडी कोणी कितीही म्हटलं तरी ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास, माणूस बसल्या जागी जातो. हे मी पार्टीला हात जोडून सांगतो.

लॉनला_लागून_घर
तुम्ही सगळे पाहुण्यांचंच बोलून राहिले, शेजाऱ्यांचं कोणीच नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद आहे, तरी ११ पर्यंतचं बुकिंग घेतात, आणि ११ म्हणजे साडेअकरा. माझी मुलगी बारावीला आहे, खिडकी लावली तरी काच थरथरते, मी तिच्या टेबलावर हात ठेवून पाहिला, टेबलही थरथरत होतं. वरून शेकोट्यांचा धूर, थंडीत तो वर जातच नाही, खालीच तरंगतो, सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांना वास. माझं मत दुपारलाच.

इतवारी_दुकानवाला
१० नंतरचा डीजे चूकच आहे ताई, त्यात वाद नाही, मी स्वतः बंद करायला लावीन. मग ५ ते ९ करा. दुकान मी एक दिवस ७ ला बंद करतो, ऑफिसवाले साडेसहाला येतात. अजून एक, डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बाहेरगावच्या पाहुण्यांना हॉटेलात खोल्या मिळत नाहीत अन् सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, ते आधी पाहा.

काटोलरोडची_धाकटी
खोल्यांचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं, आजच फोन करते. बाबांना सगळं वाचून दाखवलं, दुपारला ते तयार नाहीत, पण ५ ते ९ वर आले. मी अजूनही दुपारच म्हणते, कारण ९ वाजताही गारठा असतोच. पण साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, त्याच्या आत आजीला स्टेजवर नेऊन ताईसोबत फोटो काढायचा अन् तिचं ताट आधी वाढायचं, हे कॅटररला लिहून दिलंय. बिछायतवाले भाऊ, ४०० माणसांना छत टाकायचं तर किती दिवस आधी सांगावं लागते?

बिछायतवाला_भाऊ
सीझन आहे, महिनाभर आधी सांगा. आणि ड्रोनवाल्याला आजच सांगून द्या की छत राहणार आहे.