जिवाणूंचा ‘स्ट्रेन’ : प्रजाती म्हणायचं की वाण?

प्रश्न (तासगाव) : ‘जनुकीय ठशांवरून जिवाणूंच्या प्रजाती ओळखतात’ असं वाक्य पेपरात वाचलं. मूळ शब्द स्ट्रेन असणार. आमच्या वहिनी शेतकीत शिकल्यात, त्या वाण म्हणतात. बरोबर काय?

मिरज : प्रजाती नको. आधीच काही पुस्तकांत प्रजाती म्हणजे वंश आणि पेपरात प्रजाती म्हणजे जाती, हा घोळ आहे. स्ट्रेन म्हणजे जातीच्याही आतला प्रकार. ई. कोलाय ही जिवाणूंची एक जाती. बहुतेक ई. कोलाय आपल्या आतड्यात निमूट राहतात, पण त्यांच्यातलाच ओ157:एच7 हा प्रकार रक्ताची हगवण लावतो. आणि त्या ओ157 मध्येही वेगवेगळे स्ट्रेन निघतात. 1993 साली अमेरिकेत हॅम्बर्गर खाऊन माणसं आजारी पडली, तेव्हा रुग्णांतला जिवाणू आणि मांसातला जिवाणू एकच, हे ठशांवरून दाखवलं. जिवाणूचा डीएनए एका एन्झाइमने ठरावीक जागी तोडायचा. मोठे तुकडे जेलमधून (जेलीसारख्या थरातून) हळू सरकतात, लहान पुढे जातात. शेवटी पट्ट्यांची रांग दिसते, तोच ठसा. दोन-तीन पट्ट्यांचा फरक असला तर जवळचे नातेवाईक, सात किंवा जास्त असला तर संबंध नाही, असा 1995 साली मांडलेला ढोबळ नियम.

आटपाडी : वाण म्हणजे माणसाने निवडून लावलेला. उसाचा 86032, डाळिंबाचा भगवा. डाळिंबावर तेल्या रोग आणणाऱ्या झँथोमोनास जिवाणूला वाण म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही! पण सोयाबीनच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून पाकिटातलं रायझोबियम हे जिवाणू खत चोळतो, ते निवडलेलंच असतं, तिथे वाण चालेल. मुळावरच्या गाठी आपण चोळलेल्या जिवाणूच्या की रानातल्या मूळच्या, हे नुसतं बघून कळत नाही. गाठ फोडून आतल्या जिवाणूचा ठसा घेतला तरच कळतं. मूळचे पुष्कळदा वरचढ ठरतात, मग पाकिटाचे पैसे पाण्यात.

मिरज : निवडीचा मुद्दा पटला. मग रोगजंतूंना सरळ स्ट्रेनच म्हणू, कोविडपासून तो घरोघरी कळतो. ‘ठसा’ मात्र झकास शब्द आहे. फक्त ‘ठशावरून जिवाणू घातक ठरला’ असं लिहू नका. पट्ट्या जुळल्या तर जिवाणू बहुधा तोच, एवढंच कळतं. तो काय करतो ते वेगळं तपासावं लागतं.

तासगाव : म्हणजे वहिनी अर्ध्या बरोबर. हे त्यांना तुम्हीच सांगा!