केसर आंब्याच्या एकाच ओळीत काही झाडे लदलेली, काही रिकामी : मदत हवी आहे

अंबाजोगाई तालुक्यात मुरमाड जमिनीवर आमची १२ वर्षांची केसरची कलमे असून त्यांना ठिबकने पाणी दिले जाते. गेल्या हंगामात जी झाडे फळांनी वाकली होती, त्यांना काढणीनंतर नवी पालवी जवळजवळ फुटलीच नाही आणि यंदा त्यांच्यावर तुरळक मोहोर आहे; त्याच ओळीतील शेजारचे झाड मात्र शेंड्याशेंड्याला मोहरले आहे. भरघोस फळांमुळे अन्नसाठा संपतो आणि पुढील मोहोराची काडी वेळेत पक्व होत नाही, हे ठाऊक आहे.

काढणीनंतरची हलकी छाटणी, शेणखत, खतांची मात्रा आणि पावसाळ्यानंतरचा पाण्याचा ताण सर्व झाडांना सारखाच दिला. तुडतुडे (मोहोरातील रस शोषणारी कीड) व भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) आटोक्यात आहेत. मोहोर गळलेला नाही, मुळात फारसा आलाच नाही. पॅक्लोब्युट्राझोल (पालवीची वाढ रोखून मोहोर आणणारे वाढनियंत्रक) अद्याप वापरलेले नाही, कारण उन्हाळ्यात विहीर आटते आणि अशक्त झाडाला ते देणे मला धोक्याचे वाटते.

यंदा लदलेल्या झाडांवरील फळांची लहानपणीच विरळणी केल्यास पुढच्या वर्षीचा खाडा टळतो का? की पावसाळ्यात पॅक्लोब्युट्राझोल द्यावेच लागेल, आणि तसे असल्यास कमी पाण्याच्या बागेत ते सर्वच झाडांना द्यावे की केवळ सशक्त झाडांना?